दीडपट वेग

धरणगावच्या जिनिंगमध्ये मशिनं बंद झाली
की गठाणींच्या गोदामात आवाजाला भिंत सापडत नाही.
बोललेलं सगळं रुई पिऊन टाकते.
तिथेच, एकशे सत्तर किलोच्या दोन गठाणींच्या फटीत
स्टूल ठेवून मी बसते, मोबाइल हनुवटीशी धरते,
आणि लाल ठिपका दाबते.

शेठना सांगितलंय, स्टॉक मोजते.
अगदीच खोटं नाही.

अ‍ॅपने पहिल्या दिवशी विचारलं, भाषा कोणती?
यादी सरकवत गेले, सरकवत गेले,
आइसलँडिक आली, झुलू आली, अहिराणी आलीच नाही.
शेवटी 'इतर'वर बोट ठेवलं.
इतर तर इतर.
पंगतीच्या टोकाला बसलेल्याच्या पानातही
वाढपी कधीतरी पोचतोच.

मग प्रकार विचारला: आरोग्य, धंदा, गुन्हे, अध्यात्म, समाज.
गुन्हे निवडणार होते, गंमत म्हणून.
समाज निवडलं. फार फरक पडला नाही.

चौकोनी चित्र हवं म्हणाले.
माझ्याकडे भरताच्या वांग्यांचा फोटो होता,
हिरवी-पांढरी, टोपलीभर, कडेला माझाच अंगठा.
तसाच चढवला, अंगठ्यासकट.

एक बटण, आणि माझा आवाज आठ अ‍ॅपांवर.
एकच माल, आठ दुकानं, हमाली शून्य.
वडील असते तर म्हणाले असते,
कुमुदिनी, नीट बघ, कुठेतरी भाडं लावलेलं असणार.

पहिला भाग 'आंडेर' या शब्दावर केला.
दुसरा, 'आठे' आणि 'तठे' यांच्यात किती चालावं लागतं त्यावर.
तिसऱ्यात मधेच एक मांजर सरकीच्या ढिगातून घसरलं,
ते कापलं नाही.
सगळ्यात जास्त तोच ऐकला गेला.

ऐकणारे अकरा.
सहा उधन्याचे, लूमवर गेलेली आपलीच पोरं असणार,
पुण्यात दोन, नंदुरबारला एक,
मस्कतमध्ये कोण आहे कोण जाणे, पण रात्री अडीचला ऐकतो.
आणि एक ठिपका
धरणगाव.

त्या एकाने माझी झोप घालवली.
बाजारात भाव करताना मी माणसांचे कान बघायला लागले.
बँकेतल्या शिपायाच्या कानात वायर दिसली
तर पासबुक तिथेच विसरून आले.

मग परवा, पावत्या द्यायला वजनकाट्यावर गेले,
खिडकीत हिलालअप्पा,
पाण्याच्या जगला टेकवलेला त्यांचा फोन,
आणि त्यातून मी.
मीच, पण धापा टाकत,
सुरत पॅसेंजर सुटायच्या आत
सगळं सांगून मोकळं व्हायचंय अशी.
दीडपट वेगावर लावलेली मी.

काट्यावर टेम्पो चढला.
'बावीस चाळीस,' अप्पांनी लिहिलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

काय आयकी ऱ्हायनात, अप्पा?

'कोनी बाई शे. सांगस चांगलं,
पन रेंगाळस भलती.
आनि आखोना अर्थ तिनी अर्धाच सांगा.'

मी पावत्या नीट केल्या. नीटच होत्या.
कसा काय अर्धा?

'आखो म्हंजे आनखी, ते व्हयी.
पन पाहुना निंघना का दारपावत जाईसन
आपन म्हनतस ना,
आखो या.'

पुढचा टेम्पो हॉर्न वाजवत होता.
मी सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं,
पण काट्यावर उभं राहून असं काही बोलवत नाही,
उगाच आकडा हलेल.

रात्री गोदामात नवा भाग केला.
आधी चूक कबूल केली,
एका जाणकारांनी सुधारलं, एवढंच म्हटलं.
शेवटी दर वेळी म्हणते ते
लाइक करा, शेअर करा, घंटी दाबा
म्हणायला तोंड उघडलं,
आणि थांबले,
आणि दारापर्यंत सोडायला गेल्यासारखं
जरा सावकाश म्हटलं, आखो या.

सकाळी पाहिलं. धरणगाव, एक.
शेवटपर्यंत ऐकलेलं.
वेग किती ठेवला होता
ते अ‍ॅप सांगत नाही.