गज

मस्कतच्या मॉलमधल्या नव्या शोरूमला
भिंतीवर काहीतरी जुनं हवं होतं.
म्हणून मत्राच्या गोदामातून पणजोबांचा गज आणला,
शिसवी, टोकांना पितळ.
खाली पाटी: हसनमियाँ परकार,
दाभोळहून गलबतानं, मलमलीचे चार तागे घेऊन.
लहानपणापासून ऐकत आलो,
ते बोटभर सोडूनच कापायचे.

काचेत बसवण्याआधी
मुख्तारनं सहज टेप लावला.

गज बोटभर आखूड.

एसीचा आवाज तेवढा.
दिशदाशाचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक
हात पसरून उभं.

आत्या सुपारी चघळत म्हणाली,
म्हणूनच तर सोडायचे बोटभर.

काच बसली.
पाटी आहे तशीच.
मुख्तार अजून टेप गुंडाळतोय.