भाग क्रमांक सदतीस

महेबूबसाब ड्रायव्हरनं शेवटच्या फेरीला
हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेला खोका.
वर निळी लांबलचक गाडी, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला,
किंमत कुठल्या तरी परदेशी नाण्यात.

उदगीर आगारात चौतीस वर्षं
माझा सगळ्यात बारका पाना होता आठचा.
आता चिमट्यातला हा आरसा
थरथरतो, माशी धरल्यासारखा.

काटकीवरून बोरं तोडावीत
तसे सांगाड्यावरून भाग तोडतो, कड घासतो.
सोबतचा डिंक वाळून काच झालेला.
फेव्हिक्विकनं आधी बोटं चिकटली, मग बंपर.
दारातून ही म्हणाली, "आता खेळलालाव व्हय?"
म्हटलं, डबल ड्यूटी आहे.

नकाशात सदतीस नंबर आहे, खोक्यात नाही.
स्टिअरिंगचा दांडा.
आगारात रजिस्टरला लिहिलं असतं : भाग उपलब्ध नाही.
आणि तरी सकाळी सहाला
गाडी देगलूरला सोडलीच असती.
बॉलपेनची रिफिल कापली.
बसली.

इंजिन सहा तुकड्यांचं.
पंखासुद्धा रंगवला, सुईच्या टोकानं.
मग वाचलं की बॉनेट कायमचं चिकटवायचं आहे.
अर्धा तास नुसता बसून राहिलो.
चिकटवलं.

रात्री, रंग वाळलाय का बघताना,
सवयीनं वाकून कान लावला.

तेवढ्यात स्टँडकडं मुक्कामी गाडी वळली.
दुसऱ्या गिअरला खरखर.
उद्या कुणाला तरी सांगितलं पाहिजे,
क्लच बघा म्हणून.