येळ्ळूरचे दिवे

बंगळूरहून येताना सांबऱ्याचा रनवे
उजव्या खिडकीत येतो,
दोरीवर वाळत टाकलेल्या करड्या पट्ट्यासारखा.
टॉवरमधून हिरेमठ विचारतात : दिसतोय का?
दिसतोय म्हटलं, की त्या क्षणापासून
डोंगर माझे.
त्यांच्या वहीतून खोडले जातात,
माझ्या वहीत चढतात.

मी म्हटलं, दिसतोय.
तसं खोटं नव्हतं.
हलग्याकडं कुणी पाचट पेटवलेलं,
धुरातून अर्धा रनवे दिसत होता.
उरलेला मी मनानं भरला.

ह्या गावात जमीनच अडीच हजार फुटांवर.
काटा समुद्रापासून मोजतो,
त्यातले अडीच हजार आधीच कापलेले,
पगारातल्या हप्त्यासारखे.
हातात राहतं तेवढंच आभाळ.
नव्या पोरांना हे मीच शिकवते.

पश्चिमेला जाताना सूर्य नुकताच बुडालेला,
काचेवर नारिंगी राख.
धूर टाळायचा म्हणून थोडी पुढं गेले,
आणखी थोडी पुढं,
मग उजवीकडं वळले, उतरत.
समोर येळ्ळूर. माझं येळ्ळूर.
आई ह्या वेळी पुढच्या दाराचा दिवा लावते.
राजहंसगड मला पाठ आहे,
त्याच्या उतारावर करवंदं खाल्लीत,
सातवीत एक चप्पल हरवलीय,
ती अजून तिथंच असणार.

जिबिन कोचीचा. डोंगर त्याच्या ओळखीचा नव्हे.
म्हणाला, मॅडम, दिवे गेले.

लोडशेडिंग, मी म्हटलं.
आमच्याकडं जातातच की ह्या वेळी.

तो गप्प बसला. मग हळूच :
खालून वर जातायत.

वीज जाते तेव्हा गाव एकदम जातं,
डोळा मिटल्यासारखं.
हे तसं नव्हतं.
आधी खालची ओळ गेली, मग तिच्या वरची,
कुणी पायाकडून गोधडी ओढत आणावी तसं.
दिवे विझत नव्हते.
मध्ये कुणीतरी येऊन उभं राहत होतं.

मुतगेकर सर म्हणायचे,
अनोळखी डोंगराला आपण लांबून नमस्कार करतो,
ओळखीच्याला खांदा लावायला जातो.
हे आठवलं ते नंतर.
आधी हात गेला.
इंजिनं ओरडली, नाक वर,
मागे कुणाचा तरी डबा घरंगळत गेला,
आणि खिडकीखालून काळं काहीतरी
सावकाश, न रागावता, सरकलं.

मग वरून येळ्ळूर पुन्हा दिसलं.
सगळे दिवे जागच्या जागी.

हिरेमठांना सांगितलं : नाही दिसत.
एकवीस वर्षं झाली उडतेय,
दोन शब्द इतके जड कधी लागले नव्हते.
ते नुसतं बरं म्हणाले.
कन्नड, मराठी, इंग्रजी, कुठल्याच भाषेत
पुढं काही विचारलं नाही.
लांबची वाट दिली, यंत्रांची,
जिथं प्रत्येक पायरीवर आकडा लिहिलेला असतो
आणि पायलटचं माहेर कुठलं
हे कुणी विचारत नाही.

जिन्याशी एक काका घड्याळ दाखवत म्हणाले,
वीस मिनिटं घालवलीत की हो.
व्हय, मी म्हटलं.
जिबिन लॉगमध्ये लिहीत होता,
अक्षर वाकडं येत होतं,
मी त्याच्याकडं बघितलं नाही.
बघितलं असतं तर दोघांनाही
काहीतरी बोलावं लागलं असतं.

परत निघायला दहा मिनिटं असताना
आईचा फोन.
आज दोनदा गेलीस गं डोक्यावरनं?
पहिल्या खेपेला मांडणीवरची भांडी वाजली.

एकदा दिसलं नाही, आई.

काय दिसलं नाही?
मी तर दिवा लावून दारातच होते.