खालची रांग

सडांवर मेण आलंय, आई म्हणाली,
म्हणजे आज, फार तर उद्या पहाटे.
लहवितच्या माळावर माघातली थंडी,
पागेत लसूणघासाचा ओला वास,
आणि चौदा नंबरच्या खणात घोडी
स्वतःच्या कुशीकडे वळून वळून बघते आहे.

मी कचेरीतून केकीशेटचं लाल रजिस्टर आणलंय.
जागरणाला काहीतरी वाचायला हवं.

पहिल्याच पानावर वंशावळ, आडवी,
डावीकडून उजवीकडे फुटत गेलेली,
नदी उलटी उगमाकडे निघाल्यासारखी.
शेवटाला विलायत.
केकीशेट सांगायचे, तिथल्या कुरणांखाली खडू आहे,
गवतातून तो हाडात उतरतो.
आपल्याकडे काळी माती.
म्हणून चुन्याची पोती नाशिकरोडला उतरायची
आणि माझा बाप, यमाजी कातोरे, ती बैलगाडीतून आणायचा,
दारणेचा पूल ओलांडून,
इथल्या वावरात इंग्लंड पेरायला.

वरच्या अंगाला बाप.
अरबांच्या मुलखातून गेलेले तीन घोडे,
त्यांचे रंग, कुणी आणले, कुठल्या बंदरातून,
कपाळावर चांद होता की नव्हता.
तीनशे वर्षं झाली,
अजून त्यांचा कुणाला विसर पडत नाही.

खालच्या रांगेत आया.
चार-सहा पिढ्या नावं धड आहेत.
मग मागं जाता जाता धुकं पडतं :
अमक्या सरदाराची घोडी.
तिची आई, तमक्या जमीनदाराची भुरी.
आणि अगदी टोकाला,
जिथून ही सगळी रांग निघाली तिथं,
नुसतं : घोडी.

मी मान वर केली.
आई शेगडीवर पाणी ठेवत होती.
संसरीची म्हणून संसरीकरीण,
मग यमाजीची,
बाप गेल्यावर शेवंताची आई.
शेवंता मी.

रजिस्टरात शेवटचा रकाना, 'प्रसूतीला हजर'.
केकीशेटचं तिरपं निळं अक्षर :
यमाजीची बायको.
यमाजीची बायको.
बोट ठेवून मोजलं, एक्केचाळीस वेळा.
त्यातलं एक पाय मुडपून आलेलं.
तिनं खांद्यापर्यंत हात घालून ते सरळ केलं,
आणि चार वर्षांनी ते पुण्याच्या मैदानात
दोन लांबांनी पुढं आलं.
कचेरीत फोटो आहे. मालक, जॉकी, चांदीचा पेला,
लगाम धरून कुणाचा तरी अर्धा हात.
केकीशेटनं तिला लुगडं दिलं त्या वर्षी.
खोटं कशाला बोलू, चांगलं भारी दिलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी पाणी फुटलं.
पांढऱ्या पडद्यातून आधी एक खूर,
मग दुसरा, किंचित मागं,
मग गुडघ्यांवर टेकवलेलं नाक.
खुरांना अजून ती पिवळी मऊ बोटं,
आईला आतून लागू नये म्हणून असतात ती.
शिंगरी झाली.
तासाभरात चार काठ्या गोळा करून उभी राहिली,
पडली, पुन्हा उभी राहिली.

तिला नाव नाही अजून. नाव मालक ठेवील, विकली गेल्यावर.
डॉक्टर येतील, आयाळीचे केस मुळासकट उपटतील,
पाकिटात घालून प्रयोगशाळेत धाडतील.
आता रक्ताला खोटं बोलता येत नाही.

मी पेनाचं टोपण काढलं.
शेवटच्या रकान्यात लिहिलं, धुरपदा.
आणि अडले.
पुढं कातोरे लावू, का तुझ्या माहेरचं?
मी ओरडून विचारलं.

ती पेंढ्यावर वार पसरून बसली होती,
ओली, जड, तांबूस,
दोन्ही टोकं बोटांनी चाचपत,
कुठं फाटलीय का ते बघत.
ते लिहीत बस मागनं, म्हणाली,
आधी बॅटरी इकडं धर.
नखाएवढा तुकडा आत राहिला
तरी घोडी जाते.