पाव हिश्श्याहून कमी

हामेनलिन्नाच्या बायकांच्या तुरुंगात
हिवाळ्यात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
शिवणखात्याशेजारची खोली आता संगणकांची.
राईली चष्मा पुसते, खुर्ची पुढे ओढते
आणि यंत्राला माणूस शिकवायला बसते.

काम सोपं आहे.
पडद्यावर रस्ता येतो, कुठल्याशा शहराचा,
जिथं ती कधी गेली नाही, अजून तीन वर्षं जाणारही नाही.
छत्रीवाली बाई. तिच्याभोवती चौकट.
सायकलवरचा पोरगा. चौकट.
बसथांब्यावर भांडणारं जोडपं:
दोघांना वेगळ्या चौकटी, कितीही चिकटून उभी असली तरी.
कुत्र्याला निळी, कचरापेटीला राखाडी,
माणसाला पिवळी.
तासाचे पैसे कॅन्टीनमधल्या दोन कॉफींइतके.

पुढंमागं कधीतरी एक गाडी निघेल, चालकाशिवाय,
आणि तिला राईलीच्या नजरेनं दिसेल.

नियम अठरावा:
पाव हिश्श्याहून कमी दिसत असेल
तर माणूस धरू नये.

आज सकाळी चित्र आलं, चार हजार कितवंतरी.
पुलाखाली पुठ्ठे, ताडपत्री,
ताडपत्रीतून बाहेर आलेला एक मोजा.
टाचेशी रफू. तपकिरी लोकरीवर लाल दोरा,
कुणीतरी निवांत बसून घातलेला.

राईलीनं पिवळी चौकट ओढली.
मोज्यापासून निघून, ताडपत्रीवरून,
जिथं डोकं असेल असं वाटलं तिथपर्यंत.
पडदा म्हणाला: चूक.
तिनं पुन्हा ओढली.
चूक. अचूकता एक्क्याण्णव टक्के.

गुरुवारी कंपनीचा युहो येतो. भला मुलगा.
बुटांवरचा बर्फ दारातच झटकतो, सगळ्यांना नावानं हाक मारतो.
म्हणाला, ‘राईली, प्रत्येक गाठोड्याला माणूस धरलं
तर गाडी वळणावळणाला थांबेल. घेईल का कुणी विकत?’
त्याचंही खोटं नव्हतं.
‘थांबू दे,’ ती म्हणाली.
मग बराच वेळ दोघं पडद्याकडे बघत राहिली.

गाठोडं राईलीला माहीत आहे.
नोव्हेंबर, लाहतीकडून येणारा रस्ता, पोटात चार ग्लास,
कडेला काहीतरी.
पोतं असेल, ती म्हणाली,
मोठ्यानं म्हणाली, गाडीत दुसरं कुणी नसताना.
पोत्याचं नाव वेइक्को साल्मेला, हे कोर्टात कळलं.
वय एकसष्ट. बूट काढून बसला होता, पाय चोळत.
न्यायाधीश बाईंनी विचारलं, दिसला नव्हता?
दिसला होता.
माणसात धरला नव्हता.

त्याची शिक्षा ती भोगते आहे, आणि तिची तक्रार नाही.
निदान इथं दार आहे, दारावर तिचं नाव आहे.
रात्री आठला हिल्क्का खिडकीतून डोकावते,
मोजून घेते, मग ‘नीट झोप’ म्हणते.
कुणाच्या तरी खिजगणतीत असणं
तिला तुरुंगात येऊन कळलं.

यंत्र पीत नाही. पेंगत नाही.
वेइक्कोला त्यानं बहुतेक वाचवलंही असतं,
हे ती स्वतःशी कबूल करते, आणि ते कबूल करणं सोपं नाही.
पण यंत्रालाही पोतं म्हणायला कुणीतरी शिकवलेलं असेल,
उजेडात, शुद्धीवर असताना, कॉफी पीत.
आणि मग आडवं आलं कुणी,
तर या खोलीत कुणाला आणून बसवायचं?
नियम अठरावा किती वर्षं आत राहू शकतो?
हे तिनं युहोला विचारलं नाही.
तो नाड्या बांधत होता.

चौकटीखाली शेऱ्याचा एक रकाना असतो.
ऐच्छिक. कुणी भरत नाही.
राईलीनं दोन बोटांनी एक शब्द टाइप केला,
पायात घालायच्या त्या वस्तूचा.
तिच्या भाषेत त्याचा तेवढाच अर्थ होतो.
मी हे मराठीत लिहिते आहे,
म्हणून मला दोन्ही अर्थ ऐकू येतात:

मोजा.

अचूकता नव्वद टक्के.
पुढचं चित्र.