वाकडी सुई

पहिलीने सतरा पानांचा फॉर्म पाठवला.
तिसऱ्या पानावर प्रश्न होता :
तुम्ही हाती घेतलेलं काम अर्धवट सोडता का?
मी तिथेच सोडला.
तो सापडला डिसेंबरात,
नॉर्डबींच्या हिरव्या सोफ्याच्या पोटात,
माझ्याच हाताने वरून शिवून टाकलेला.

दुसरा फोनवर गोड बोलला.
नव्वद दिवसांत नवी मेरेन, म्हणाला.
जुनीचं काय करायचं? विचारलं,
तर तो हसला.
मी विनोद केला नव्हता.
सांगाडा शाबूत असेल तर
आमच्या धंद्यात खुर्ची फेकत नाहीत.

डॉक्टरांच्या गोळीने दिवा लागला, खोटं कशाला बोलू.
पण दिवा लागला म्हणून पसारा आवरत नाही,
उलट तो आता दिसतो.

एक ना धड भाराभर चिंध्या,
हे मला शाळेपासून ऐकवलं गेलं,
आणि चिंध्यांवरच मी पोट भरते
डलूथमध्ये, एकवीस वर्षं.
तेवढ्याने भागलंही असतं.
पण मार्चमध्ये सिग्नेचं ट्रम्पेटवादन होतं,
आणि मी पोचले तेव्हा
शाळेचा शिपाई खुर्च्या मिटत होता.
मी त्याला मदत केली.
पाच खुर्च्यांचे स्क्रू ढिले होते, तेही पिळले.
सिग्ने दारात उभी होती, ट्रम्पेट पेटीत,
पेटी छातीशी.
ती काहीच म्हणाली नाही.
गाडीतही नाही.

म्हणून तिसरी. लोर्ना बोल्यू,
बंदरापाशी, बेकरीच्या वरची खोली.
पूर्वी टगबोटींच्या कचेरीत
कुठली बोट कधी सुटणार ते लावायची, म्हणे.
भीतीपोटी मी वीस मिनिटं आधीच पोचले.
बोळात एक बाकडं,
त्याच्या गादीची शिवण उसवलेली,
आतला फोम जीभ काढून बसलेला.
वाकडी सुई माझ्या कोटाच्या खिशात असतेच.
जिथे मागून हात पोचत नाही
तिथे सरळ सुई आत जाते ती जातेच;
वाकडी तेवढी फिरून परत येते.

शेवटची गाठ मारली
तेव्हा दारात लोर्ना उभी होती.
दहाची वेळ. दहा चाळीस झालेले.

तिने शिवणीवरून अंगठा फिरवला.
चालायचंच, असं म्हणाली नाही.
म्हणाली, तासाचे पूर्ण पैसे घेईन.
गादीचे किती झाले ते तू सांग.
मग विचारलं, शिवताना घड्याळ कुठे होतं?
नव्हतंच.
आणि गाठ मारल्यावर?
एकदम अंगावर आलं.
हे तिने लिहून घेतलं, एवढंच,
एका कागदावर, एकच ओळ.

आता माझी पाळी. मी विचारलं,
तुमच्याकडे येऊन काहीच फरक पडला नाही,
असं कुणी आहे?
दोघं, ती म्हणाली. लगेच.
आणि एकाच्या बाबतीत चूक माझी होती.
सहा आठवड्यांत काही हललं नाही तर मला सोड,
आणि त्याचं खापर स्वतःवर फोडून घेऊ नकोस.
मी डॉक्टर नाही, हे दोनदा सांगितलं.
मी काय आहे, ते एकदाही नाही.

परतताना भोंगा झाला, पूल वर गेला.
खनिजाचं लांबलचक जहाज
घाई नसल्यासारखं आत शिरत होतं.
आम्ही सगळे इंजिनं बंद करून बसलो :
पाववाला, पोस्टाची गाडी, टाय लावलेला एक माणूस.
सगळ्यांनाच उशीर,
आणि कुणाच्याच तोंडावर माफी नाही.
मी काच खाली केली.
थंडी होती, तरी.

हो असं अजून कळवलेलं नाही.
फक्त चिकटपट्टीवर गुरुवार, दहा असं लिहून
हातोडीच्या दांड्याला गुंडाळलंय.
हातोडी मी हरवत नाही.

गादीचं बिल मात्र
करायचं राहिलंय.