मावसोळी

पत्र आलं तेव्हा मी बर्फाच्या लाद्या मोजत होते.
तारामुंबरीच्या कारखान्यातून सकाळी नवाच्या आत
दोनशे लाद्या जातात. मोबाइल दोनदा थरथरला.
"आदरणीय लेखक."
मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

माझ्या संकेतस्थळावर मी रोज रात्री लिहिते ते एवढंच:
वारा कुठला, भरती किती वाजता, रापणीला काय लागलं,
कुठल्या माशाला खाडीच्या अलीकडे काय म्हणतात
आणि पलीकडे काय.
वाचणारे अडीचशे. त्यातले बरेच आखातात,
वाळूत बसून आमची ओहोटी वाचणारे.

पत्रात चाळीस पोर्टलं होती, लाखो वाचक होते,
खाली माझं नाव, "शक्य झाल्यास".
निव्वळ उत्पन्नाचे तीस टक्के.
निव्वळ म्हणजे कशातून काय वजा जाता, ते नव्हतं.
माझं लेखन त्यांना फार आवडलं होतं.
कुठलं, तेही नव्हतं.

मासा घेताना आधी डोळा बघू नये,
डोळ्यावर पाणी मारता येतं.
कल्ला उचलायचा.

मी कल्ला उचलला.
पत्ता नाही. सही नाही, नुसता "संघ".
मुदत कायमची. काटछाटीचा हक्क त्यांचा.
आणि भरतीची वेळ त्यांनी दोन दिवस शिळी छापली,
तर खाडीच्या तोंडाशी वाळूला घासलेल्या होडीला
कोण जाऊन सांगणार, की बाबा, ते कंटेंट होतं?

मिठबावच्या खवळे मास्तरांनी
शाळेच्या फळ्यासाठी वेळा मागितल्या होत्या.
त्यांना हो म्हणायला मला चहा निवेपर्यंतही लागलं नाही.
हे का अडलं मग?

रापणीत हिशेब सरळ असतो.
जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा,
दोरीला हात लागला त्याचा वाटा,
शाळा बुडवून आलेल्या पोराला ओंजळभर पेडवे.
टोपली घेऊन नुसत्या उभ्या राहिलेल्याला
"बरा मा?" म्हणतात, आणि दोरीकडे वळतात.

गोपिका टिकमला विचारलं. माशांची निम्मी नावं तिची,
मी फक्त टंकलेली.
ती कोयता धूत होती.
"माजा नाव घालतले?"
"शक्य झाल्यास."
"मगे मासो पण देवया, शक्य झालो तर."

तरी मी उत्तर लिहिलं, सभ्यपणे. चार प्रश्न.
पैसे कधी, बदल केलात तर विचाराल का,
काढा म्हटलं तर काढाल का, आणि तुम्ही कोण.
तिसऱ्या दिवशी उत्तर आलं:
तेच पत्र, "आदरणीय लेखक"सकट.

डिसेंबरात देवगडच्या जेटीवर
एक जोडपं आलं, इचलकरंजीचं,
मोबाइल पुढे धरून. मावसोळी मिळेल का?

मावसोळी.
गेल्या शिमग्यात थट्टा म्हणून मी लिहिलेला मासा:
अमावास्येच्या भरतीला येते, जाळ्यात राहत नाही,
चव ऐकीव.
त्यांच्या पडद्यावर ती नारळाच्या दुधात शिजत होती,
आठ कोकमं, मंद आच, लेखक: संघ.
खाली तारीख. एप्रिलची.
परवानगी मागितली होती नोव्हेंबरात.

मी काहीतरी बोलणार होते, खरंच.
त्या बाईंच्या हातात नवी कोरी पिशवी होती,
आणि त्या इतक्या लांबून आलेल्या.
गोपिकाने माझ्याकडे बघितलं.
मी बर्फाकडे.

तिने सगळ्यात लकाकणारी तारली उचलली.
"ही बघा. आजच इली. नशीब तुमचा."

रात्री लिहिलं:
वारा उत्तरेचा, सकाळी पडेल.
भरती पहाटे चार वाजून दहा.
मावसोळी: आवक कमी, तीनशे रुपये वाटा.